मेणाचा ठसा आणि जमिनीचा कागद : मध्ययुगीन आयर्लंडच्या इतिहासाची साधने

1162 च्या सुमाराच्या एका लॅटिन दानपत्रात एक माणूस मुलाबाळांसकट देऊन टाकलेला आहे. देणारा लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो, घेणारा डब्लिनच्या तटाबाहेर उभा राहत असलेला 'ऑल हॅलोज' हा मठ. दान बाल्डॉइल या गावाचे. गावाबरोबर तिथली माणसेही दिली जात आहेत, असे कारकून लिहितो आणि त्यांतल्या एकाचे नाव देतो : माएल ईसू मॅक फेलेकान, त्याच्या मुलांसह आणि पुढच्या पिढीसह.

राजाला या कागदातून सांगायचे होते ते वेगळेच. आपण धर्मशील आहोत, आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी आणि डब्लिनभोवतीची जमीन देण्याचा अधिकार आपला आहे, एवढेच त्याला नोंदवायचे होते. जमिनीला बांधलेली कुळे असत आणि ती जमिनीबरोबर हस्तांतरित होत, हे त्याला सांगायचे नव्हते. ते त्याला इतके साहजिक वाटत होते की कारकुनाने ते सहज लिहून टाकले. आयरिश सनदांचा अभ्यास करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सनद जे ठासून सांगते त्यावर संशय घ्यावा, ती जे गृहीत धरते ते जपून ठेवावे. हा नियम कोणत्याही देशाच्या सनदांना लागू करता येईल. आयर्लंडच्या बाबतीत मात्र त्याला वेगळी धार येते, कारण तिथे सनद पडताळून पाहण्यासाठी लागणारी सरकारी दप्तरेच शिल्लक नाहीत.

राखेतून उरलेले

30 जून 1922 रोजी, यादवी युद्ध सुरू होऊन तीन दिवसही झाले नव्हते तेव्हा, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात मोठा स्फोट झाला. त्याच आवारात 1867 मध्ये स्थापन झालेला सरकारी अभिलेखागार होता आणि त्याची सहा मजली कोठी तेराव्या शतकापासूनच्या कागदांनी भरलेली होती. ती सगळी जळाली. वाचनकक्षाची इमारत कोठीपासून अलग ठेवलेली होती. त्यामुळे त्या दिवशी योगायोगाने वाचनकक्षात आणून ठेवलेले थोडे कागद तेवढे वाचले. अभिलेखागारातले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी 1919 मध्ये तिथल्या संग्रहाची मार्गदर्शिका छापली होती. आता ती मार्गदर्शिका म्हणजे नाहीशा झालेल्या वस्तूंची यादी आहे.

ही पहिली आगही नव्हती. इंग्लंडच्या राजाचे आयर्लंडमधले लेखन-कार्यालय, म्हणजे चॅन्सरी, 1232 पासून स्वतंत्रपणे चालू लागले होते. तिथून बाहेर पडणाऱ्या पत्रांच्या नकला चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरवल्या जात. 1304 मध्ये डब्लिनच्या सेंट मेरी मठाला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या गुंडाळ्यांतल्या बऱ्याच जळून गेल्या. उरलेल्यांचे लॅटिन सारांश 1810 ते 1830 या काळात काम केलेल्या अभिलेख आयोगाने करून घेतले आणि 1828 मध्ये छापले. 1922 मध्ये गुंडाळ्याही गेल्या. राहिले ते सारांश, आणि तेही हात राखून केलेले.

राजाचे केंद्रीय दप्तर गेल्यावर इतिहासकाराला जावे लागते ते ज्यांनी आपले कागद सरकारच्या हवाली केलेच नव्हते त्यांच्याकडे. नगरपालिका, कॅथेड्रलची कोठी आणि बड्या जमीनदारांचे वाडे ही ती ठिकाणे. तिथे सापडतात मुख्यतः सनदा, म्हणजे जमिनीचे, हक्कांचे आणि सवलतींचे कागद. मध्ययुगीन आयर्लंडचा इतिहास जमिनीच्या व्यवहारांनी इतका भरलेला वाटतो, त्याचे एक कारण म्हणजे तिथले लोक जमिनीसाठी खरोखरच भांडत होते. दुसरे कारण, टिकलेले कागदच जमिनीचे आहेत. ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी काढणे सोपे नसते.

कागद टिकण्याचे तर्कशास्त्र समजण्यासाठी एकाच सनदेचा प्रवास पाहू. डर्मट मॅकमरोचीच ही दुसरी सनद आहे, किलेनी या सिस्टर्शियन मठाची. जमीन दिली ती त्याच्या मांडलिक ओरायनने. डर्मटने अधिराजा म्हणून त्या दानाला मंजुरी दिली. मठ लहान होता. 1227 मध्ये तो शेजारच्या डस्क मठात विलीन केला गेला, आणि जमिनीबरोबर तिचा कागदही डस्कला गेला. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा डस्कची मालमत्ता ऑर्मंडच्या अर्लकडे आली. मग कागद किल्केनीच्या किल्ल्यात बटलर घराण्याच्या दप्तरात पडून राहिला. विसाव्या शतकात ते दप्तर डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आले. 1922 मध्ये फोर कोर्ट्स जळत होते तेव्हा हा चर्मपत्राचा तुकडा किल्केनीत सुरक्षित होता.

यात नशिबाचा भाग कमीच आहे. जमीन ज्या हातात जाते त्या हातात तिचा कागद जातो, हे सातबाराच्या उताऱ्यासाठी कचेरीत खेटे घातलेल्या कोणाही मराठी माणसाला सांगायला नको. ज्यांच्याकडून जमीन गेली त्यांना कागद सांभाळण्याचे कारण उरले नाही. म्हणून टिकलेला संग्रह जिंकणाऱ्यांचा आहे. 1185 मध्ये राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडमध्ये आलेला थिओबाल्ड वॉल्टर हा जॉनच्या पेयांची व्यवस्था पाहणारा मानकरी, म्हणजे बटलर होता. त्या हुद्द्याचेच घराण्याला आडनाव मिळाले आणि त्याच्या वारसांनी साडेसातशे वर्षे कागद जपले. एडमंड कर्टिस यांनी 1932 ते 1943 या काळात त्या कागदांचे सहा खंड सारांशरूपाने प्रसिद्ध केले. आयर्लंडच्या मध्ययुगावरचे आजचे बरेचसे लेखन या सहा खंडांवर उभे आहे. बटलरांच्या खिडकीतून आयर्लंड पाहतो आहोत, याचे भान मात्र प्रत्येक लेखकाला राहतेच असे नाही.

इंग्रज येण्याआधी

इंग्रजांनी येऊन आयरिश लोकांना लेखी व्यवहार शिकवला, अशी एक जुनी समजूत होती. ती दोन बाजूंनी कोसळली.

पहिली बाजू केल्सच्या ग्रंथाची. त्यातली चित्रे जगप्रसिद्ध आहेत. त्या ग्रंथातल्या मोकळ्या जागांवर अकराव्या-बाराव्या शतकांत जमिनीच्या व्यवहारांच्या नोंदी लिहून ठेवलेल्या आहेत, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. त्या आयरिश भाषेत आहेत. गॅरोद मॅक निओकल यांनी 1961 मध्ये त्या संपादित केल्या आणि त्यांचा काळ 1033 ते 1161 असा धरला. या नोंदींना शिक्का नाही. पवित्र ग्रंथात लिहिलेली असणे हीच नोंदीची पत. तिला बळ देतात ते जामीनदार. राजे, मठाधिपती आणि मठाचे अधिकारी यांची नावे ओळीने येतात. एका नोंदीत राजाने एका गावाला करमुक्त करून ते केल्सच्या मठाला दिले आहे. कारण काय, तर संत कोलुम किलेच्या आश्रयाखाली असलेल्या माणसाला त्या राजाने पकडून आंधळे केले होते. दान म्हणून लिहिलेली ही गोष्ट खरे तर दंडाची वसुली आहे. जमीन कोणाची झाली याहून, संताचा आश्रय मोडला तर राजालाही भरपाई द्यावी लागे, ही बातमी मोठी.

दुसरी बाजू लॅटिन सनदांची. इंग्रजांची पहिली तुकडी 1169 मध्ये उतरली. त्याच्या आधीच, 1157 च्या सुमारास, उत्तरेचा राजा मर्टा मॅकलॉक्लिन याने न्यूरीच्या सिस्टर्शियन मठाला युरोपीय धाटणीची सनद दिली आणि तीत स्वतःला 'सर्व आयर्लंडचा राजा' म्हणवून घेतले. मूळ चर्मपत्र गेले, नकला उरल्या. अशा आयरिश राजांच्या सनदा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. मरी थेरीझ फ्लॅनगन यांनी 2005 मध्ये त्यांचा साक्षेपी ग्रंथ सिद्ध केला. त्यातून दिसते की 1142 मध्ये मेलिफॉन्टला पहिला मठ काढणाऱ्या सिस्टर्शियन भिक्षूंनी सनदेचा साचा बरोबर आणला आणि आयरिश राजांनी तो लगेच उचलला. त्यांना त्यात उपयोग दिसला होता. केल्सच्या नोंदीत राजा हा जामिनांच्या रांगेतला एक असतो, तर लॅटिन सनदेत तोच एकटा बोलतो, आज्ञा देतो आणि साऱ्या जगाला उद्देशून बोलतो. डर्मटची किलेनीची सनद याच दृष्टीने वाचायला हवी. मांडलिकाने जमीन दिली तरी ती माझ्या मंजुरीवाचून दिली जात नाही, असा दावा तीत आहे. हा दावा नवा होता. 1166 मध्ये डर्मटला राज्य सोडून पळावे लागले, ते अशा दाव्यांच्या दिवसांतच.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख

तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खासगी सनदांवर सहसा तारीख नसते. राजाच्या सनदांवर ती 1189 पासून नियमाने येऊ लागली. त्याआधीचे कागद अंतर्गत पुराव्यावरच बसवावे लागतात. या शास्त्राची खरी मजा इथे आहे, आणि अडचणही इथेच.

सुरुवात शीर्षकापासून करू. जॉनच्या सनदा तीन थरांत पडतात. तो नुसता 'आयर्लंडचा स्वामी, राजाचा पुत्र' असेल तर कागद 1189 च्या आधीचा. 'आयर्लंडचा स्वामी आणि मॉर्टनचा काउंट' असेल तर 1189 ते 1199 मधला, आणि 1192 ची डब्लिन शहराची सनद याच थरातली आहे. 'इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी' असेल तर 1199 नंतरचा. 'स्वामी' हे पद मग इंग्लंडच्या राजांनी 1541 पर्यंत वापरले. त्या वर्षी आठवा हेन्री आयर्लंडचा 'राजा' झाला.

याहून सूक्ष्म खूण म्हणजे 'देवाच्या कृपेने' हे दोन लॅटिन शब्द. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सनदा तपासून फ्रेंच विद्वान लेओपोल देलिल यांनी दाखवले की हे शब्द त्याच्या पदवीत 1172-73 च्या सुमारास येऊ लागतात. आता डब्लिनच्या पहिल्या सनदेकडे पाहा. हेन्री 17 ऑक्टोबर 1171 रोजी आयर्लंडमध्ये उतरला आणि 17 एप्रिल 1172 रोजी परत निघाला. या सहा महिन्यांत त्याने डब्लिन शहर 'ब्रिस्टलच्या माझ्या माणसांना' वसवायला दिले. तळहाताहून थोडासा मोठा असा तो चर्मपत्राचा तुकडा आजही शहराच्या संग्रहात आहे. 102 राजसनदांच्या मालिकेतला तो पहिला. त्यात 'देवाच्या कृपेने' नाही. 'आम्ही' नाही, 'मी' आहे, कारण राजाने स्वतःला बहुवचनी संबोधण्याची रीत इंग्लंडमध्ये त्याच्या मुलाच्या, पहिल्या रिचर्डच्या काळात पक्की झाली. मजकूर, शैली आणि राजाचा प्रवास या तिन्ही गोष्टी एकमेकींना जुळतात. एखाद्या मठाकडच्या सनदेत 1160 सालचा हेन्री 'देवाच्या कृपेने, आम्ही' असे बोलू लागला, तर मात्र कान टवकारावेत.

खासगी सनदांत साक्षीदार कामाला येतात. समजा, एका कागदावर डब्लिनचा आर्चबिशप लॉरेन्स ओटूल साक्षीला आहे. तो 1162 ते 1180 या काळात त्या पदावर होता. म्हणजे अठरा वर्षांची खिडकी. त्याच यादीत अँग्लो-नॉर्मन सरदार स्ट्राँगबो, म्हणजे रिचर्ड डी क्लेअर असेल, तर तो 1170 मध्ये आला आणि 1176 मध्ये वारला. खिडकी सहा वर्षांवर आली. आणखी दोन नावे ओळखता आली, तर ती दोन वर्षांवरही येते. लॉरेन्सच्या जागी आर्चबिशप जॉन कमिन असेल, तर सगळे गणित 1181 ते 1212 या काळात सरकते.

हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात खाचा आहेत. साक्षीदार म्हणून लिहिलेला प्रत्येक जण सनद लिहिताना खोलीत हजर होता असे नव्हे. कधी व्यवहार एकदा झाला आणि कागद दोन वर्षांनी केला गेला, तेव्हा मूळ व्यवहाराच्या वेळचे साक्षीदार लिहिले गेले. आणि मठातल्या भिक्षूने सनद नकलवहीत उतरवताना यादी छाटली, शेवटी 'आणि इतर पुष्कळ' असे लिहून मोकळा झाला. त्याचे बरोबरच होते. त्याला जमिनीच्या चतुःसीमा हव्या होत्या, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या सरदारांची नावे कशाला हवीत? आपल्याला मात्र नेमकी तीच नावे हवी असतात. डब्लिनच्या सेंट मेरी मठाच्या नकलवह्या गिल्बर्ट यांनी 1884 पासून छापल्या. त्या वाचताना हा 'इतर पुष्कळ' पानापानावर भेटतो आणि दर वेळी थोडा राग येतो.

साक्षीदारांची नावे तारीख देतात, तशी समाजाची वीणही दाखवतात. नॉर्स, आयरिश, वेल्श, फ्लेमिश आणि इंग्रज अशी नावे एकाच यादीत एकापुढे एक येतात. कुठे बाप आयरिश नावाचा आणि मुलगा 'विल्यम', असे दिसते. वंशावळी लिहिणारे हे मिश्रण लपवतात. साक्षीदारांच्या यादीला लपवण्याचे काही कारण नसते.

ठसा

आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज नुसता निर्णय पक्का होण्यासाठी वापरला जातो. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये ती खरोखरची कृती होती, आणि तिच्यावाचून सनद हे नुसते चामडे होते. सही हा प्रकार नव्हताच. साचा ब्राँझचा, क्वचित चांदीचा असे. चर्मपत्राच्या खालच्या कडेला चीर पाडून पट्टी किंवा रेशमी दोरी ओवत. तिच्यावर मधमाशांचे मेण आणि राळ यांचे गरम मिश्रण लावून साच्याने दाबत. शेंदूर घातला की लाल, तांब्याचा गंज घातला की हिरवे. राजाचा मोठा ठसा दुहेरी असे : एका बाजूला सिंहासनावर, दुसऱ्या बाजूला घोड्यावर. सरदारांचे बहुतेक ठसे गोल, बिशपांचे आणि स्त्रियांचे दोन्ही टोकांना निमुळते. पोपच्या पत्राला मेण नसे, शिशाचा गोळा असे. मेणाच्या ठशाच्या मागे कधी कधी दाबणाऱ्याच्या बोटांच्या खुणा राहिलेल्या दिसतात.

ठशांचा अभ्यास आयर्लंडमध्ये उशिरा सुरू झाला. आर्मस्ट्राँग यांचे साच्यांवरचे आणि ठशांवरचे पुस्तक 1913 चे. त्यात आयरिश राजांचे साचे वाचले की चॅन्सरीच्या कागदांनी तयार केलेले चित्र हलू लागते.

चौदाव्या शतकात अल्स्टरमध्ये ह्यू ओनील राज्य करत होता. त्याचे लोक त्याला 'जाडा ह्यू' म्हणत, आणि तो 1364 मध्ये वारला. इंग्रज प्रशासन अशा आयरिश प्रमुखांना राजा म्हणायला तयार नसे. प्रशासनाच्या कागदांत त्यांचा उल्लेख 'आपल्या टोळीचा कप्तान' असा येतो. ह्यूच्या साच्यावर मात्र ओनीलांचा पंजा आहे आणि भोवती लॅटिन अक्षरे : अल्स्टरच्या आयरिशांचा राजा, ओनील. यातला प्रत्येक शब्द तोलून घेतलेला आहे. तो 'अल्स्टरचा राजा' म्हणत नाही, कारण अल्स्टरमध्ये इंग्रजांचीही अर्लशाही होती. त्याआधीचा डॉनल ओनील 1317 मध्ये पोपला तक्रार-अर्ज पाठवताना स्वतःला अल्स्टरचा राजा आणि सर्व आयर्लंडचा खरा वारस म्हणाला होता. अर्जात मोठे बोलता येते. साचा रोज वापरायचा असतो, शेजाऱ्यांशी करार करताना त्यांच्यासमोर मेणावर दाबायचा असतो. म्हणून साच्यावरचे बिरुद हे दाव्याचे व्यवहारात खपणारे रूप आहे. अर्जापेक्षा मी त्यावर अधिक विसंबेन.

याच घराण्यातला ब्रायन ओनील 1260 मध्ये इंग्रजांशी लढताना मारला गेला. त्याच्या नावाच्या साच्यावर तो घोड्यावर आहे आणि बिरुदात स्वतःच्या मुलखाचा राजा आहे. घोडेस्वाराची ही आकृती अँग्लो-नॉर्मन सरदारांच्या ठशावरून सरळ उचललेली. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्याच चित्रभाषेत आपले राजेपण कोरून घ्यायचे, यात विसंगती आपल्याला दिसते. त्याला दिसली नसावी. ठसा शत्रूलाही वाचता यायला हवा, एरवी त्याचा उपयोग काय? लेन्स्टरमध्ये तर 1475 मध्येही मॅकमरो घराण्याचा डॉनल डस्क मठाला देणगी देताना स्वतःला 'लेन्स्टरचा राजा' लिहितो. इंग्रजी कायद्याने ते पद तीनशे वर्षांपूर्वीच संपले होते.

चित्रांच्या बाबतीत मात्र सावध असावे. अथेनराय शहराच्या ठशावर तटाचा दरवाजा आहे आणि त्यावर भाल्यांना टोचलेली दोन मुंडकी. ती 1316 च्या लढाईत पडलेल्या आयरिश राजांची, असे हमखास सांगितले जाते. लढाई खरी, कॉनॉटचा राजा फेलिम ओकॉनर तीत मारला गेला हेही खरे. पण ठशावर त्याचे नाव नाही, आणि वेशीवर मुंडकी टांगणे ही त्या काळातल्या कोणत्याही शहराची सवय होती. चित्र आणि घटना यांची गाठ नंतरच्या लोकांनी मारलेली असू शकते. डब्लिनचा तेराव्या शतकातला दुहेरी ठसा याहून बोलका आहे. एका बाजूला धनुर्धारी आणि शिंगे फुंकणारे पहारेकरी असलेला तट, दुसऱ्या बाजूला समुद्रातले गलबत. 1229 मध्ये शहराला मेयर निवडण्याचा हक्क मिळाला. त्या सुमाराचे हे शहर आपली ओळख भिंत आणि व्यापार अशी सांगते. चर्च त्यात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शहराची जुनी पेटी सहा कुलुपांची आहे. सहा माणसे एकत्र आल्याशिवाय ती उघडत नसे.

सर्वसामान्यांचे काय? सनदांत एक वाक्य वारंवार येते : माझा शिक्का पुष्कळांना अपरिचित असल्यामुळे मी अमुक अधिकाऱ्याचा शिक्का लावून घेतला आहे. वाक्य ठरीव आहे, कारकुनाच्या बोटांतून आपोआप येणारे. तरीही ते एका गरजेचा पुरावा आहे. गावातला माणूस शिक्का बाळगत होता. त्याला पत मात्र नव्हती आणि ती उसनी घ्यावी लागत होती. ज्यांच्यात एकमेकांवर भरवसा नसे ते आणखी एक उपाय करत. एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी कापायचे आणि दोन्ही पक्षांनी एकेक अर्धा ठेवायचा. भांडण झाले की दाते जुळवून पाहायचे. लॅटिनमध्ये दाताला 'डेन्स' म्हणतात, त्यावरून अशा कागदाला 'इंडेंचर' नाव पडले. 

खोटे कागद

बनावट सनद सापडली की नवशिक्या अभ्यासक ती बाजूला टाकतो. टाकू नये.

इंग्लंडच्या एडगर राजाच्या नावाने 964 सालची म्हणून वूस्टरच्या चर्चकडे एक सनद होती. तीत राजा म्हणतो की देवकृपेने आयर्लंडचा मोठा भाग, त्यातल्या डब्लिन या उत्तम नगरासह, माझ्या ताब्यात आला आहे. दहाव्या शतकात असे काहीही घडलेले नव्हते. सनद बाराव्या शतकात बनवलेली आहे. एडगरच्या इतिहासासाठी ती कवडीमोल. पण बाराव्या शतकातल्या एका इंग्रज मठाला डब्लिन इंग्लंडच्या राजाचे असणे शोभून दिसते असे वाटत होते, यासाठी तिच्याइतका चांगला पुरावा नाही. हेन्रीची गलबते निघण्याआधी कल्पना निघाली होती.

'लाउदाबिलितेर' या पोप चौथ्या एड्रियनच्या पत्राचा पेच वेगळा आहे. 1155 मध्ये पोपने हेन्रीला आयर्लंडमध्ये जायला अनुमती दिली, असे हे पत्र. त्याचा मजकूर आपल्याला माहीत आहे तो वेल्सच्या जेरल्डने आपल्या पुस्तकात उतरवला म्हणून. मूळ पत्र नाही, शिशाचा गोळा नाही, दोरी नाही. पोपच्या कार्यालयात दोरी रेशमी की तागाची यावरूनही पत्राचा प्रकार ठरत असे. खरे-खोटे करणारी सर्व साधनेच हाताशी नाहीत. म्हणून शैलीवरून शतकभर वाद झाला. पत्र अस्सल असले तरी जेरल्डने त्यातली वाक्ये मागेपुढे केली असण्याची शक्यता आज गंभीरपणे मांडली जाते, आणि मला ती पटते. 1317 च्या तक्रार-अर्जासोबत आयरिश राजांनी हेच पत्र पोपला परत पाठवले : तुम्ही घातलेल्या अटी इंग्रजांनी पाळल्या नाहीत. ज्या कागदाने देश गेला असे म्हणतात त्याचाच आधार घेऊन दाद मागितली गेली.

पुरावा होण्यासाठी रंगवलेले कागदही आहेत. वॉटरफर्डची सुमारे चार मीटर लांबीची सनदगुंडाळी 1373 च्या सुमाराची. तीत दुसऱ्या हेन्रीपासून तिसऱ्या एडवर्डपर्यंतचे राजे रंगीत चित्रांत आहेत आणि शहराच्या जुन्या सनदा एकापुढे एक जोडल्या आहेत. न्यू रॉस बंदराशी जकातीच्या हक्कावरून भांडण चालले होते. राजाने चित्रांनी तरी प्रसन्न व्हावे, हा हेतू. आज ती वॉटरफर्डच्या मध्ययुगीन संग्रहालयात सुंदर वस्तू म्हणून पाहिली जाते. मुळात ती वकिलाची फाइल आहे.

सारांशात जे राहत नाही

एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या संपादकांनी सनदा वाचवल्या, हे ऋण मोठे आहे. पण त्यांनी सारांश करताना काय ठेवले? देणारा, घेणारा, जमीन, तारीख. काय गाळले? पुष्कळदा साक्षीदारांची अर्धी यादी, नावांची मूळ अक्षरयोजना, ठशाचे वर्णन, चर्मपत्राच्या पाठीवर पुढच्या मालकांनी केलेल्या नोंदी. म्हणजे सनदेने मुद्दाम सांगितलेले ठेवले आणि अनवधानाने सांगितलेले गाळले. मूळ हाताशी असेपर्यंत यात बिघडत नव्हते. डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथेड्रलच्या शेकडो कागदांचे सारांश सरकारी अहवालांतून 1888 पासून छापले गेले. 1922 मध्ये मूळ कागद जळाले आणि सारांश हेच मूळ झाले. त्या कागदांना लटकलेले मेणाचे ठसे कसे होते, हे आता बहुतेकांच्या बाबतीत कळायला मार्ग नाही.

जमिनीत पडलेले साचे तरी वर येतील का? इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्रे घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांनी हजारो साचे नोंदवले आहेत. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात 1987 च्या कायद्याने परवान्याशिवाय पुरातन वस्तूंसाठी असे शोधणे बेकायदा आहे. कायदा योग्य आहे, स्थळे त्यामुळे वाचतात. पण 'आयर्लंडमध्ये सामान्य लोक शिक्के कमी वापरत' असे कोणी साच्यांची संख्या मोजून सांगू लागला, तर त्याला हा कायदा दाखवावा.

जळालेल्या दप्तराच्या इतरत्र असलेल्या नकला, उतारे आणि सारांश जमवून ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने 2022 मध्ये आगीच्या शताब्दीला आभासी दप्तरखाना खुला झाला. आयरिश चॅन्सरीच्या 1244 ते 1509 मधल्या पत्रांचा 'सर्कल' हा पुनर्रचित संग्रह त्याआधी 2012 मध्ये आला होता. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. ट्रिनिटी कॉलेज 1592 मध्ये ज्या जागेवर स्थापन झाले ती जागा ऑल हॅलोज मठाची, म्हणजे ज्या मठाला बाल्डॉइल आणि माएल ईसू मॅक फेलेकान हे दोन्ही दान म्हणून मिळाले होते त्याच मठाची.